आपलं टोपलं आधी

माझं लग्न रेडिओनं मोडलं, असं आमच्या गावात आजही सांगतात. सांगू देत बापडे. रेडिओ काही उलटून बोलत नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यावर काहीही फोडता येतं.

आमचं गाव बोरटोला. जंगल संपतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात त्या सीमेवरचं. गावाला लागून मोठा तलाव आहे आणि त्या तलावावरच आम्हा ढिवरांची चाळीसेक घरं जगतात. मासेमारी सोसायटीची, म्हणजे सगळ्यांची मिळून. जाळी ओढली की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासळीचा ढीग पडतो आणि घराघराचे वाटे होतात. माझे बाबा, लटारू, त्या सोसायटीचे अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हटल्यावर तुम्हाला खुर्ची दिसली असेल, तर ती पुसून टाका. अध्यक्षाला मान एकच. वाटणी झाल्यावर, घरी निघण्याआधी, त्यानं आपलं टोपलं सगळ्यांसमोर आधी उघडायचं. वरचा पाला काढायचा, मासळी हलवून दाखवायची. वाट्यापेक्षा जास्त एखादी मरळ पाल्याखाली दडवलेली नाही ना, हे गावानं बघायचं. मग बाकीचे आपापलं टोपलं उघडणार. आणि दुसरा नियम असा की, दुसऱ्याच्या टोपल्यात कोणी हात घालायचा नाही. ज्याचं त्यानं उघडायचं. हे नियम माझ्या आजोबांच्या आधीपासूनचे, आणि बाबा ते देवाच्या वर मानत.

देवाच्या खाली आणि आमच्या वर, त्यांनी रेडिओ मानला होता. डोंग्यातून तलावात जातानाही तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर असायचा. मासे पळून जातात म्हणून बाकीचे ओरडायचे. बाबा म्हणायचे, "शिकलेले मासे हायेत, बातम्या आयकाले वर येतात."

त्यांचा सगळ्यात लाडका कार्यक्रम 'पारावरची बैठक'. दर सोमवारी संध्याकाळी, बाजारभाव झाले की लागायचा. रेडिओवाले गावोगाव जीप घेऊन जात, लोकांशी गप्पा करत, टेपवर घेत आणि नंतर लावत. महिन्याचा पहिला सोमवार आरोग्याचा, दुसरा राजकारणाचा, तिसरा धर्माचा आणि चौथा पुस्तकांचा. आरोग्याच्या दिवशी बाया ऐकत. राजकारणाच्या दिवशी पानठेल्यावर गर्दी. धर्माच्या दिवशी तर काही घरांत रेडिओसमोर उदबत्ती लागे. पुस्तकांच्या दिवशी सेल वाचवायला लोक रेडिओ बंद करत.

आता माझ्याबद्दल. मी पुनम. बारावी झाले, आणि ग्रामपंचायतीच्या एका खोलीत सरकारनं पुस्तकांची पेटी ठेवली होती, तिची चावी माझ्याकडे आली. त्याआधी एका संस्थेचं रक्ततपासणीचं शिबिर गावात झालं होतं. आमच्या भागात सिकलसेल बराच. पोरांचे सांधे दुखतात, रक्त कमी होतं, काही पोरं हाती लागत नाहीत. माझं रक्त तपासलं तर मी वाहक निघाले. म्हणजे दोष अर्धा. मला आयुष्यात सर्दीपलीकडे काही झालेलं नाही. धानाचा भारा डोक्यावर घेऊन मी आमच्या निम्म्या पोरांना मागं टाकते. तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं होतं. घाबरायचं काहीच नव्हतं.

आणि त्याच साली दिवाळीनंतर माझं साक्षगंध झालं. चिचटोल्याचा धनराज, बल्लारपूरला कंत्राटदाराकडे कामाला होता. आपल्याच समाजाचा, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. दोनदा घरी आला तेव्हा मला म्हणाला, "पेटीतलं एखादं पुस्तक मलेबी दे ना वाचाले." पेटीतली पुस्तकं कशी होती ते पुढे सांगते, पण कोणी मला पुस्तक मागितलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. मला तो आवडला होता. लाजायचं काय त्यात, आवडला होता.

माझ्या रक्ताचं त्यांना सांगायचं राहिलं होतं. आई मनकर्णा म्हणत होती, "लगनाची तारीख धरताना सांगू, बसून, शांतपनं." बाबा म्हणत होते, "सांगू ना. लपवाचं काय आहे त्याच्यात?" आणि तेवढ्यात रेडिओवाल्यांची जीप आमच्या गावात आली.

बाबांच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस. पारावर सतरंजी टाकली होती. निवेदक श्रावण सर, ज्यांचा आवाज बाबा झोपेतही ओळखत, ते प्रत्यक्ष समोर बसलेले; आवाजाच्या मानानं माणूस अगदी किरकोळ होता. एक डॉक्टर होते आणि बोलावलं नसताना आलेले एक पुढारी होते. विषय सिकलसेल. श्रावण सरांनी माईक फिरवला, "गावकरी मंडळी रक्त तपासून घेतात का? कोणाच्या घरी कोणाला दोष निघाला आहे का?"

सगळ्या माना खाली. आमच्या गावात त्या शिबिरात किती जणांत निघालं होतं, ते साऱ्यांना माहीत होतं. पण पोरी उजवायच्या, पोरं खपवायची, कोण बोलणार? माईक असा या तोंडापुढून त्या तोंडापुढे फिरत राहिला. तेव्हा बाबा उठले. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं हो. अध्यक्ष होते ना.

"माह्या घरचीच गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "माह्या पुनमच्या रक्तात आहे. अर्धं आहे. आता तुमी सांगा आपापलं."

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी बाबांचा हात धरला. मग सगळ्यांना समजेल असं ते सावकाश बोलले. हा दोष आईबापांकडून पोरांत येतो, म्हणून लग्नाआधी विचार करा. पण दोष एकाच बाजूला अर्धा असेल तर काही बिघडत नाही. या पोरीनं खुशाल लग्न करावं. फक्त पोराचंही रक्त तपासून घ्यावं, कारण दोन्ही बाजूंनी दोष आला तरच धोका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायांच्या मागं उभी राहून मी ऐकत होते. माझं नाव निघालं तेव्हा मी आणखी मागं सरकले होते, पण डॉक्टरांचं ऐकून पुढे आले. उलट वाटलं, बरं झालं. चिचटोल्याचेही हे रेडिओवर ऐकतील, पुरतं समजून घेतील, आणि आईला शांतपणं बसून सांगायची गरजही राहणार नाही.

पहिल्या सोमवारी बाबांनी नवे सेल टाकले. आमच्या ओसरीवर अर्धा टोला, म्हणजे अर्धी वस्ती, जमली. श्रावण सरांचा आवाज आला, मग पुढारी आले. आरोग्यासाठी त्यांनी काय काय केलं, काय काय करणार आहेत, रस्ते, पूल, सभामंडप. सभामंडपानं कोणाचं रक्त सुधारतं ते त्यांनाच ठाऊक. मग डॉक्टर म्हणाले, "हा दोष आईबापांकडून पोरांत येतो, म्हणून लग्नाआधी विचार करा." लगेच बाबा: "माह्या पुनमच्या रक्तात आहे." आणि सनई.

सनई संपली तर पुन्हा पुढारी.

कार्यक्रम आटोपला. कोणीतरी म्हणालं, "लटारूभाऊ, मस्त बोलले बा." बाकीचे चपला घालू लागले. बाबा मात्र रेडिओला कान लावून बसून राहिले. "डॉक्टरचं पुढचं येनार आहे," ते म्हणाले. "आता येईल, थांबा." पुढे शेतकऱ्यांसाठी खताची माहिती लागली, मग बातम्या लागल्या. बाबांनी बातम्यासुद्धा पूर्ण ऐकल्या. आईनं येऊन रेडिओ बंद केला तेव्हा ते तिच्याकडे असे पाहत होते, जसं तिनंच ते वाक्य खाल्लं.

दुसऱ्या सोमवारी राजकारण लागलं आणि त्याच आठवड्यात मध्यस्थ लच्छू आला. "कुंताबाई म्हनते, थोडं थांबू." कुंताबाई म्हणजे धनराजची आई, विधवा बाई, पण चिचटोल्यात तिच्या शब्दापुढे सरपंचही जात नव्हता. किती थांबायचं, कशासाठी थांबायचं, ते लच्छूनं सांगितलं नाही. चहा पिऊन गेला.

तिसऱ्या सोमवारी धर्म लागला. कोण्या गावचे एक महाराज होते, आवाज गोड. त्यांनी सांगितलं की शरीरातले दोष ही मागच्या जन्माची उधारी असते आणि ती नामस्मरणानं फिटते. माझ्या मागच्या जन्माची चौकशी त्या दिवसापासून सुरू झाली. विहिरीवर एका बाईनं मला विचारलं, "तू काय केली असशील वं?" मी म्हटलं, "तुह्या घरी पानी भरलं असंल." बोलले खरी, पण घरी येऊन भांडी अशी आपटली की आईनं माझ्या हातातून काढून घेतली.

मग कुंताबाई स्वतः आली. लच्छू बरोबर होता. धनराजही आला होता, पण बाहेरच, मोटरसायकलजवळ उभा. घरात पाय ठेवला नाही त्यानं.

"लटारूभाऊ," कुंताबाई म्हणाली, "तुमी सांगतलं ते चांगलं केलं. पन आमाले आता हे जमनार नाई. पोराच्या जिंदगीचा सवाल आहे."

बाबांनी डॉक्टरांचं पुढचं सांगायला सुरुवात केली. हात हलवून, शब्द आठवून. कुंताबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे त रेडिओवर कुठी सांगतलं?"

"सांगतलं होतं. कापलं त्याईनं."

"आता भाऊ, आमाले काय मालूम कोनं काय कापलं? आमी आयकलं तेवढं आयकलं."

अशा वेळी पोरीनं आतल्या खोलीत बसायची रीत होती. मी उठले आणि बाहेर आले. "मावशी, साधी गोष्ट आहे," मी म्हटलं. "धनराजचं रक्त तपासा. बोटाले सुई टोचतात, दुसरं काही नाई. त्याचं चांगलं निघालं त तुमच्या नातवाले काहीच होत नाई. डॉक्टर लिहून देईल."

ओसरीवरचे सगळे माझ्याकडे वळले. मी जणू शिवी दिली होती. लच्छू म्हणाला, "पोराचं रक्त? पोरीवाले पोराचं रक्त काढाले सांगतात, असं कुठी आयकलं नाई बा." खरंच होतं त्याचं. पोरगी बघताना तिला चालवतात, बोलवतात, केस सोडायला लावतात. पोराला कोणी उभं राहा म्हणून सांगत नाही. कुंताबाईनं एवढंच विचारलं, "साक्षगंधाची साडी देता का आता, का लच्छूले पाठवू?"

आईनं साडी आणून दिली. हिरवी होती, काठाला मोर. मी दारातून धनराजकडे पाहिलं. तो मोटरसायकलच्या आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसत होता. एकदाही त्यानं मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, आईपुढे बिचाऱ्याचं काही चालत नसेल. इतकी मी शहाणी.

बाबांनी त्यानंतर जेवण अर्ध्यावर आणलं. तलावावर जात, वाटे करत, आपलं टोपलं आधी उघडत, पण रेडिओ खुंटीवर टांगलेला. मला त्यांचा राग होता. भरपूर होता. लेकीचं नाव पारावर घ्यायच्या आधी लेकीला विचारावं एवढंही या माणसाला सुचू नये? पण ते रेडिओकडे पाठ करून बसत तेव्हा तो राग मला नीट करताही येत नसे. म्हणून मी तो दुसरीकडे न्यायचं ठरवलं. एसटीत बसले आणि शहरात रेडिओ केंद्रावर गेले.

श्रावण सरांनी मला ओळखलं नाही, बाबांचं नाव सांगितल्यावर ओळखलं. मी म्हटलं, "डॉक्टरचं राह्यलेलं वाक्य लावा. बाकी मले काही नाई पाहिजे."

"ती टेप पुसली, ताई," ते म्हणाले. "आमच्याकडे टेपा कमी. एकीवरच पुन्हा पुन्हा करावं लागतं. तिच्यावर आता भजनं आहेत."

"कापलं काऊन पन?"

त्यांनी दार बंद आहे का पाहिलं. "अर्ध्या तासाचा कार्यक्रम. पुढारी लांबले. कोणाचं तरी कमी करावंच लागतं. डॉक्टरांचं कापलं तर डॉक्टर रागावत नाहीत. पुढाऱ्यांचं कापलं तर माझी बदली होते."

"आणि माह्यं लगन मोडलं त कोन रागावते?"

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला तरी बरं वाटलं असतं. मान खाली घालूनच म्हणाला, दुरुस्ती लावायची म्हणजे वरून परवानगी, ती मिळणार नाही. आरोग्याचे सोमवार पुढाऱ्यांनी धरून ठेवलेत. मग बोलता बोलता पुस्तकांच्या पेटीची गोष्ट निघाली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पुस्तकांच्या कार्यक्रमाला मला माणूसच मिळत नाही हो. तुम्ही याल?"

मी म्हटलं, "येईन. पन माह्यं एकबी वाक्य कापाचं नाई."

"पुस्तकांचं कोण कापतो?" ते म्हणाले. "तिथं तर मला वेळ भरून काढावा लागतो."

तर मी रेडिओवर बोलले. आमच्या पेटीतली पुस्तकं सांगितली. नारळाची फायदेशीर लागवड हे एक. आमच्या भागात नारळ फक्त देवापुढे फुटताना दिसतो. समुद्रातली मासेमारी आणि यांत्रिक नौका हे दुसरं. ते बाबांनी तीनदा वाचून घेतलं आणि तलावाकडे पाहून उसासा टाकला. श्रावण सर हसले, मीही हसले. मग त्यांनी विचारलं, "यातलं तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं?" मी पिशवीतून शिबिरात मिळालेली पातळशी पुस्तिका काढली आणि म्हटलं, हे. आणि पान उघडून वाचलं. दोष एकाच बाजूला अर्धा असेल तर माणूस ठणठणीत असतो. त्यानं खुशाल लग्न करावं. पोरगी असो की पोरगा, दोघांचंही रक्त तपासावं. मी ते हळू वाचलं, मग म्हटलं, पुन्हा वाचते, आणि पुन्हा वाचलं. श्रावण सरांनी शब्द पाळला. सगळं लागलं.

पुढच्या महिन्याच्या चौथ्या सोमवारी लागलं. पुस्तकांच्या दिवशी. टोल्यात एकाही घरात रेडिओ सुरू नव्हता. बाबांनी कित्येक दिवसांनी आपला रेडिओ खुंटीवरून काढला, आवाज शेवटपर्यंत पिळला आणि तो दोन्ही हातांत धरून गल्लीतून चालत निघाले. लग्नाची अक्षत द्यायला निघावं तसे. प्रत्येक दारापुढे थांबत, "आयका, पुनम बोलून राह्यली," म्हणत. लोक हसून "हो हो" करत आणि आत जात. कुत्री मात्र शेवटपर्यंत बरोबर गेली. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "पुरं लावलं," ते मला म्हणाले, "एक शब्द नाई कापला." त्या दिवशी मी त्यांना माफ केलं. तोंडानं नाही बोलले, पण केलं.

त्यानंतरच्या आठवडी बाजारात कुंताबाई भेटली. झिंग्यांचं टोपलं घेऊन बसली होती. मी तोंड फिरवून निघाले तर तिनंच हाक मारली.

"आयकलं मी तुह्यं. भजनासाठी लावला होता रेडिओ. बोलते चांगली."

मी परत फिरले. खोटं कशाला बोलू, मला आशा वाटली. "मंग मावशी? आता त आयकलं ना पुरं?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. शेजारची बाई गिऱ्हाइकाशी भांडत होती. कुंताबाईनं मला खाली बसवलं आणि झिंग्यांवर हात फिरवत, भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं, "मले पयलेच मालूम होतं ते. धनराजचं रक्त मागच्या साली तपासलं, भद्रावतीच्या शिबिरात. त्याचंबी तसंच आहे. तुह्यासारखंच."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, पण ते आत उतरायला वेळ लागला. आमचं लग्न व्हायलाच नको होतं. ते मोडलं ते बरोबरच झालं. दोघांनी समोरासमोर बसून, एकमेकांना सांगून, मोडायचं होतं ते.

"त सांगतलं काऊन नाई?" मी म्हटलं. "आमच्या घरी येऊन, आमच्या ओसरीवर बसून... माह्या बाबांनी सांगतलं ना?"

"तुह्या बापानं सांगतलं," ती म्हणाली, "त काय भेटलं त्याले?" तिनं टोपल्यावरची माशी हाकलली. "रेडिओनं अर्धं लावलं, ते माह्या नशिबानं लावलं पोरी. पुरं लावलं असतं त मलेबी माह्यं टोपलं उघडा लागलं असतं."

"धनराजले माहीत आहे?"

"रक्त त्याचंच काढलं ना."

मोटरसायकलचा तो आरसा मला आठवला. बिचारा म्हटलं होतं मी त्याला. सगळं गाव माझं रक्त चघळत होतं, माझा मागचा जन्म उकरत होतं, आणि हा गडी स्वतःच्या अंगात तेच घेऊन धूळ पुसत उभा होता. लग्न मोडल्याचं दुःख मला त्या क्षणी उरलं नाही. चीड उरली. ती आजही आहे.

"आता बल्लारपूरकडची पोरगी पाह्यली," कुंताबाई म्हणाली. "रिंकू नाव आहे. उन्हाळ्यात लगन."

"तिचं रक्त तपासलं?"

"तपासाले सांगतलं म्हंजे विचारतील ना, काऊन तपासता म्हून." तिनं ओंजळभर झिंगे पानात बांधून माझ्या पिशवीत टाकले. "घेऊन जाय. तुह्या मायले आवडतात."

मी ते झिंगे बाजाराच्या तोंडाशी कुत्र्यांना टाकले. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसले.

"त्या पोरीले सांगाले पाहिजे," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या टोपल्यात हात नाई घालत, पुनम."

"हे मासे नाई होत, बाबा!" मी ओरडले. "उद्या तिच्या लेकराचे हात-पाय सुजतीन!"

त्यांनी मला थांबवलं नाही. बरोबरही आले नाहीत. दोन एसट्या बदलून मी रिंकूच्या घरी गेले. तिची आई कलाबाईनं पाणी दिलं, कुठून आली विचारलं. मी नाव सांगितल्याबरोबर तिनं तांब्या उचलून घेतला. "तुह्यं मोडलं म्हून आमचं मोडाले आली काय?" मी म्हटलं, मोडू नका, लगन करा, फक्त पोरीचं रक्त एकदा तपासा. ती ऐकत नव्हती. दाराआडून रिंकू पाहत होती, माझ्याच वयाची, हाताला पहिली हळद लागायच्या आनंदात. मी तिलाच म्हटलं, "तू तरी आयक बाई."

"धनराजनं सांगतलं होतं," ती शांतपणे म्हणाली, "तू अशी येशील म्हून."

मी परत आले.

उन्हाळ्यात त्यांचं लग्न वाजतगाजत झालं. रिंकूचं रक्त कोणी तपासलं नाही. ते चांगलंच असेल, असं मी देवाजवळ मागते, आणि मागताना माझा मलाच राग येतो.

त्याच दिवसांत आमच्या तलावाचं पाणी ओसरलं आणि वर्षातली मोठी ओढ झाली. सगळा टोला पाळीवर. ढीग पडला, वाटे झाले, टोपली भरली. मी आणि आई वाटा न्यायला गेलो होतो. सगळे बाबांकडे पाहत उभे राहिले, नेहमीसारखे. बाबांनी टोपल्यावरचा पाला नीट दाबला, वरून ओलं फडकं टाकलं, काठाला खोचलं आणि टोपलं उचलून आईच्या डोक्यावर दिलं.

"चला," ते म्हणाले.

मी थांबले. आता कोणीतरी बोलेल. म्हणेल, "काय गा अध्यक्ष, उघडलं नाई?" इतक्या पिढ्यांचा नियम, कोणी तरी विचारेलच. कोणी विचारलं नाही. उलट एकेकाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. एकानं आपल्या टोपल्यावरचा पाला दाबला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच, आणि हसत-बोलत माणसं पाळीवरून उतरू लागली. इतकी खुशीत मी त्यांना कधी पाहिली नव्हती.

बाबा पुढे चालत होते. आमच्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली, असं मला वाटलं, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला बरं वाटलं. घरी आल्यावर आईनं फडकं काढलं, पाला काढला आणि मासळी परातीत ओतली.

वाटा होता तेवढाच होता. एक बोटभर मासासुद्धा जास्त नव्हता.